थांबलेल्या फियाटची चौकशी

कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ साली पाडण्यात आला आणि त्याच्या जागी उभारलेला नवा पूल २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. मधल्या काळात शेजारच्या एकाच पुलावरून दोन्ही दिशांची वाहतूक मुंगीच्या पावलांनी सरकत असे, आणि शीळफाट्याकडे निघालेल्या मनुष्यास वेळेचा हिशेब घरीच ठेवून निघावे लागे. त्या दिवसांतील एका वैशाखी दुपारी, वडिलांच्या वेळेपासून आमच्या घरी सांभाळलेली प्रीमियर पद्मिनी त्या रांगेत उभी असता तीन आचके देऊन बंद पडली. सकाळी घरून निघताना जिने एकाच सेल्फमध्ये हुंकार भरला होता, तीच गाडी आता दहा वेळा सेल्फ मारूनही पेट घेईना. इंजिन फिरत होते, बॅटरी शाबूत होती, टाकीत पेट्रोल होते. मात्र जीव नव्हता.

मागच्या रिक्षावाल्यांनी धक्का मारून गाडी कडेला लावून दिली. त्यांतील एकाने पाण्याची बाटली पुढे केली आणि अनुभवी स्वरात सल्ला दिला, "काका, पंपावर ओलं फडकं टाका. पेट्रोलची वाफ झाली असणार." आम्ही फडके टाकले, बॉनेट उघडे ठेवून अर्धा तास सावलीत उभे राहिलो, आणि पुन्हा सेल्फ मारला तेव्हा गाडी जणू काही घडलेच नाही अशा थाटात सुरू झाली. परंतु पुढील आठ दिवसांत हाच प्रकार आणखी दोनदा घडला.

जुन्या मोटारी बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबास हे कोडे परिचित आहे. गाडी गार असताना चालते, तापली की थांबते, निवली की औषधावाचून बरी होते. एखादे यंत्र मोडले असेल तर ते मोडलेलेच राहावयास हवे. ते आजारी पडते आणि आपोआप सुधारते, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता त्या जुन्या यंत्राचा सारा अंतर्गत कारभार उलगडून पाहता येतो, आणि म्हणूनच ही चौकशी येथे क्रमाने मांडीत आहे.

कुर्ल्यात जन्मलेली गाडी

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, कुर्ल्यास कारखाना उभारला, आणि स्वातंत्र्याच्याच वर्षी, म्हणजे १९४७ साली, अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने तेथून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन तिच्या ११०० या नमुन्याच्या मोटारी येथे तयार होऊ लागल्या. पन्नाशीच्या दशकातील त्या गुबगुबीत गाडीस, जिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत, मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे नाव दिले, आणि त्या नावात हेटाळणीपेक्षा जिव्हाळाच अधिक होता. साठीच्या दशकात तिची चौकोनी अंगकाठीची धाकटी बहीण आली, आणि १९७४ पासून तीच 'पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. चार सिलिंडरांचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला गिअर आणि पुढे चकचकीत जाळी, असे तिचे रूप होते.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या वेषात तिने मुंबईची दीर्घकाळ सेवा केली. अशा शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती, आणि टॅक्सीस घालून दिलेली वीस वर्षांची मुदत संपताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती पिढी रस्त्यावरून निवृत्त झाली. कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीच्या पुढे याच प्रीमियरचा दुसरा कारखाना होता आणि १९९० च्या दशकात तेथे प्यूजो ३०९ ही मोटार तयार होत असे. आमची गाडी ज्या रस्त्यावर रुसली, त्याच रस्त्याने काही किलोमीटर पुढे गेल्यास 'प्रीमियर' हे नाव तेथील वस्तीच्या आणि मैदानाच्या तोंडी अद्याप आहे.

या गाडीच्या अंगी एक गुण असा की तिच्या पोटात संगणक नाही. तिचे प्रत्येक कार्य कोणता ना कोणता डोळ्यांस दिसणारा अवयव करतो, आणि म्हणूनच बिघाडाचा मागही डोळ्यांनी आणि हातांनी काढता येतो.

इंजिनाच्या तीन मागण्या

पेट्रोलवर चालणाऱ्या कोणत्याही इंजिनाच्या मागण्या तीनच असतात. पहिली, हवा आणि पेट्रोल यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण. दुसरी, त्या मिश्रणावर पुरेसा दाब. तिसरी, नेमक्या क्षणी पडणारी जोरकस ठिणगी. घरातील चुलीशी तुलना केली तर लाकूड, वारा आणि आगकाडी यांची जी गरज, तीच येथे आहे. फरक इतकाच की इंजिनातील चूल प्रत्येक सिलिंडरात मिनिटास शेकडो वेळा पेटवावी आणि विझवावी लागते.

प्रत्येक सिलिंडरात दट्ट्या चार फेऱ्या करतो. खाली जाताना तो मिश्रण आत ओढतो, वर येताना ते दाबून सात-आठ पटींनी लहान करतो, मग ठिणगी पडते व जळत्या वायूच्या रेट्याने तो खाली ढकलला जातो, आणि अखेरीस वर येऊन धूर बाहेर काढतो. या चार फेऱ्यांपैकी एकच शक्ती देते. बाकीच्या तीन तिच्या सरबराईत खर्ची पडतात. मिश्रणातील हवेचे वजन पेट्रोलच्या सुमारे पंधरापट असावे लागते. आकारमानाने पाहिले तर एक लिटर पेट्रोल जाळण्यास नऊ हजार लिटरांच्या आसपास हवा लागते, म्हणजे मोटार ही वस्तुतः पेट्रोलची चव लावून हवा खाणारी वस्तू आहे.

आता पहिला तर्क येथेच करता येतो. दट्ट्याच्या कड्या झिजल्या किंवा झडपा नीट बसत नसल्या तर दाब कमी पडतो. परंतु ती झीज अर्ध्या तासाच्या विश्रांतीने भरून निघत नाही. ज्या गाडीस निवल्यावर पूर्ववत शक्ती येते, तिच्या बाबतीत दाबावरचा संशय सहसा दूर ठेवावा. उरतात दोन खाती: पेट्रोलचे आणि ठिणगीचे.

पेट्रोलचा प्रवास

पद्मिनीची टाकी मागे डिक्कीच्या बाजूस आणि इंजिन पुढे. टाकीतून निघालेली बारीक नळी गाडीच्या पोटाखालून पुढे येते आणि इंजिनाच्या कुशीस बसवलेल्या एका लहानशा पंपात शिरते. आपल्याकडील मिस्त्री त्यास 'एसी पंप' म्हणतात. या पंपात रबरी कापडाचा एक पडदा असतो. इंजिनाचा आतील दांडा फिरताना तो पडदा खाली-वर होतो आणि दोन छोट्या झडपांच्या साहाय्याने पेट्रोल एका बाजूने ओढून दुसऱ्या बाजूने पुढे ढकलतो. गावच्या हापशाचीच ही चिमुकली आवृत्ती होय.

पंपातून पेट्रोल कार्बोरेटरच्या एका कप्प्यात येते. तेथे तरंगणारा एक फ्लोट असतो. पातळी वाढली की तो वर उचलला जाऊन वाट बंद करतो आणि पातळी उतरली की उघडतो. आपल्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत बॉलकॉक जे काम करतो, तेच हे काम. पुढची क्रिया ज्यांनी लहानपणी घरात ढेकूण-डासांवर फ्लिटचा पंप मारलेला पाहिला आहे त्यांस चटकन समजेल. त्या पंपात दट्ट्या पुढे रेटला की हवेचा झोत एका बारीक नळीच्या तोंडावरून वेगाने जाई. त्या वेगामुळे तेथील दाब उतरे, डब्यातले औषध नळीतून वर चढे आणि तुषारांच्या रूपाने उडे. कार्बोरेटरचा गळा मध्यभागी मुद्दाम अरुंद केलेला असतो. इंजिनाने ओढलेली हवा त्या अरुंद जागेतून वेगाने जाते, तेथे दाब उतरतो आणि 'जेट' नावाच्या सूक्ष्म छिद्रातून पेट्रोल तुषार होऊन तिच्यात मिसळते.

या साऱ्या वाटचालीत एक गृहीत दडलेले आहे, ते असे की नळीतून वाहणारी वस्तू द्रव आहे. ते गृहीत ढळले की काय होते, ते पुढे पाहू.

ठिणगी कशी जन्मते

बॅटरी बारा व्होल्टची; परंतु दाबलेल्या मिश्रणातून, प्लगच्या टोकांमधील अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक अंतरावर ठिणगी उडवावयाची तर हजारो व्होल्ट लागतात. बारांचे पंधरा-वीस हजार कसे होतात, हे या यंत्रातील सर्वांत सुंदर प्रकरण आहे.

इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले असेल की जोरात वाहणारा नळ एकाएकी बंद केला तर भिंतीतल्या पाइपात 'धडक' असा आवाज होतो. वाहत्या पाण्यास गती असते. वाट अकस्मात अडली की त्या गतीचा सारा आवेग क्षणमात्र दाबाच्या रूपाने उसळतो. कॉइलमध्ये विजेच्या बाबतीत हेच घडवून आणले जाते. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह चालू असता तो अकस्मात तोडला, म्हणजे गाभ्यातील चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांत उच्च दाबाची वीज उसळते.

तो प्रवाह तोडण्याचे काम 'डेल्को'त होते. हे आपल्याकडील गॅरेजांतले वीज वाटणाऱ्या डब्याचे रूढ नाव. त्यात धातूचे दोन लहान ठोकळे, म्हणजे 'पॉइंट', एकमेकांस टेकलेले असतात, आणि मधोमध फिरणारी चौकोनी कड त्यांना वारंवार किंचित विलग करते. विलग होण्याचे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. प्रत्येक विलगतेस एक ठिणगी. ती १-३-४-२ या क्रमाने एकेका सिलिंडरास वाटली जाते. इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांस मिळून सेकंदास शंभर ठिणग्या लागतात. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची ही व्यवस्था अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास सिद्ध केली, आणि पद्मिनीत ती तत्त्वतः तशीच आहे.

या नाटकात एक अबोल पात्र उरते, ते म्हणजे कंडेन्सर. अंगठ्याएवढी ही डबी पॉइंटला जोडलेली असते आणि तिच्या आत धातूच्या पातळ पत्र्यांचे थर मध्ये विद्युतरोधक पडदा घालून गुंडाळलेले असतात. पॉइंट विलग होताच तेथेही विजेचा लोंढा येतो आणि फटीतून उडी घेऊ पाहतो. तो तेथेच उडाला तर प्रवाह झटकन तुटत नाही, नळ एकदम बंद होण्याऐवजी हळूहळू बंद होतो, आणि मग 'धडक' कोठून होणार? कंडेन्सर हा लोंढा क्षणभर आपल्या पोटात घेतो, प्रवाह स्वच्छ तुटतो आणि प्लगपाशी निळी, कडकडीत ठिणगी पडते. कंडेन्सर कमजोर झाला की पॉइंटवर आगीचा खेळ चालतो आणि प्लगवर मात्र मिणमिणती पिवळी चमक उरते.

एक लक्षण, तीन आरोपी

आता कोड्याकडे परतू. 'तापल्यावर बंद, निवल्यावर चालू' या एकाच लक्षणाचा ठपका तीन आरोपींपैकी कोणावरही ठेवता येतो.

पहिला आरोपी म्हणजे पेट्रोलची वाफ. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक सुमारे ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात, तर जड घटकांस २०० अंशांच्या जवळपास उष्णता लागते. वैशाखात रांगेत उभ्या गाडीच्या बॉनेटखाली साठ-सत्तर अंश तापमान सहज होते. शिवाय पंप पेट्रोल ओढतो तेव्हा ओढीच्या बाजूस दाब उतरतो, आणि दाब उतरला की उकळण्यास आणखी कमी उष्णता पुरते. नळीत वाफेचा बुडबुडा अडकला की पंपाचा पडदा बिचारा खाली-वर होत राहतो, परंतु वाफ दबते आणि फुगते, पुढे सरकत नाही. हापशात हवा शिरली म्हणजे दांडा हलका लागतो आणि पाणी येत नाही, तीच ही अवस्था. इंजिन बंद केल्यावर ती अधिकच वाढते, कारण पंखा आणि फिरते पाणी दोन्ही थांबतात आणि लोखंडात साठलेली उष्णता आसपास पसरते. गॅस बंद केल्यावरही तापल्या पातेल्यातले दूध उतू जाते, तसे.

दुसरा आरोपी म्हणजे ठिणगीचे खाते, त्यातही कॉइल व कंडेन्सर. तांबे तापले की त्याचा विरोध वाढतो. पन्नास अंशांच्या वाढीने तो सुमारे पाचव्या हिश्शाने वाढतो आणि प्रवाह त्या मानाने घटतो. कॉइलच्या बारीक तारेत केसाएवढी तड असेल तर प्रसरणाने ती उघडते आणि निवल्यावर मिटते. कंडेन्सरमधील पडदा जुना झाला असेल तर गारव्यात तो काम करतो, उष्णतेत मात्र त्यातून वीज झिरपू लागते.

तिसरा आरोपी सर्वांत साधा आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित आहे, तो टाकीचे झाकण. तेलाच्या डब्यास एकच भोक पाडले तर तेल गुळगुळ करीत थांबून थांबून येते, दुसरे भोक पाडले की धार लागते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. टाकीतून पेट्रोल जाते तितकी हवा आत यावी म्हणून झाकणास सूक्ष्म छिद्र असते. धुळीने ते बुजले की काही किलोमीटरांनी टाकीत इतकी पोकळी निर्माण होते की पंपाची ओढ हरते. गाडी थांबते, अर्ध्या तासात कोठून तरी हवा झिरपते आणि ती पुन्हा चालते. येथे उष्णतेचा काडीमात्र संबंध नाही, तरी दोष उन्हाच्या माथी जातो.

ओल्या फडक्याची साक्ष

आमची गाडी तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मी ती कल्याणातील एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. फडके टाकले की गाडी चालू होते, तेव्हा दोष वाफेचाच, असे माझे ठाम मत मी त्यांस सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "साहेब, फडकं टाकून किती वेळ थांबलात?"

"अर्धा तास."

"मग अर्ध्या तासात कॉइलपण गार झाली, कंडेन्सरपण गार झाला, टाकीत हवापण शिरली. फडक्याचं एकट्याचं नाव कशाला?"

या एका वाक्याने माझा सारा तर्क उभ्या जागी कोसळला. ओले फडके निरुपयोगी आहे असे नव्हे. माठातील पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने फडक्यातील पाण्याचे बाष्पीभवन नळीची उष्णता शोषून घेते आणि वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. परंतु त्या फडक्याची साक्ष तिन्ही आरोपींच्या बाबतीत सारखीच पडते, आणि जी साक्ष सर्वांवर सारखी लागू पडते ती कोणाविरुद्धही पुरावा ठरत नाही. उपाय केल्यानंतर गुण आला म्हणून उपायानेच गुण आला असे मानणे, ही चूक आपण गाडीच्याच नव्हे तर शरीराच्या आणि संसाराच्या बाबतीतही नित्य करतो.

मिस्त्रींचा शिरस्ता वेगळा होता. गाडी चालू असताना ती निरोगीच असते, तेव्हा तिला तपासून हाती काही लागत नाही. जी काही चौकशी करावयाची ती ती बंद पडलेली असताना, तापलेली असतानाच केली पाहिजे. म्हणून त्यांनी बॉनेट बंद करून गाडी गॅरेजसमोर चालूच ठेवली आणि तिच्या बंद पडण्याची वाट पाहत दुसरे काम हाती घेतले. पाऊण तासाने तिने ते परिचित तीन आचके दिले. त्या क्षणी मिस्त्री हातातला पाना ठेवून उठले.

प्रथम त्यांनी टाकीचे झाकण उघडून कान दिला. हवा आत ओढली गेल्याचा 'फुस्स' असा आवाज झाला नाही. तिसरा आरोपी सुटला. मग पेट्रोलच्या कोणत्याही नळीस हात लावण्यापूर्वी त्यांनी ठिणगी पाहिली, कारण उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी पाडणे म्हणजे घरास आग लावून दिव्याची परीक्षा घेणे होय. कॉइलवरून डेल्कोत जाणारी मधली वायर काढून, कोरड्या रबरी पकडीत तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून पाचसहा मिलिमीटर दूर धरून त्यांनी साहाय्यकास सेल्फ मारावयास सांगितले. जी ठिणगी पडली ती पिवळी, बारीक आणि खंडित होती. "करंट नाही," ते म्हणाले. लगेच डेल्कोचे टोपण काढून त्यांनी पॉइंटकडे बोट दाखविले. पॉइंट विलग होताच तेथे पांढुरकी मोठी ज्योत उडत होती. जो लोंढा कंडेन्सरने गिळावयाचा तो तेथे उधळला जात होता.

अंगठ्याएवढी एक नवी डबी लागली. पॉइंटवर पडलेले खड्डे पॉलिश पेपरने घासून, फिलर गेजने अंतर बसवून त्यांनी तापलेल्या गाडीसच सेल्फ मारला. पहिल्याच फेऱ्यात इंजिनाने सूर धरला, आणि येथे अर्ध्या तासाची प्रतीक्षा कोणीही केली नव्हती. फडक्याच्या साक्षीत आणि या साक्षीत जो फरक होता तो हाच.

चौकट: गाडी रस्त्यात थांबली तर

• गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या, मागे खूण ठेवा, बॉनेट उघडा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतील पाणी प्रेशर कुकरप्रमाणे दाबाखाली असते आणि अंगावर उसळते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका. धातूस तडा जाऊ शकतो.

• प्रथम टाकीचे झाकण सैल करा. 'फुस्स' आवाज झाला आणि गाडी सुरू झाली तर छिद्र बुजले आहे.

• नंतर ठिणगी पाहा. निळी व कडकडीत असेल तर विजेचे खाते निर्दोष. पिवळी वा क्षीण असेल तर कंडेन्सर, पॉइंट व कॉइल या क्रमाने तपासा.

• ठिणगी उत्तम असेल तरच पेट्रोलकडे वळा. पंपातून येणारी नळी सैल करून धार येते का ते पाहा. धार नसेल अथवा फेस येत असेल तर पंपावर व नळीवर ओले फडके टाका. जवळपास विडी-काडी नको.

• कारण सापडेपर्यंत गाडी निवू देऊ नका. निवलेली गाडी निर्दोषच दिसते.

नवे इंधन, जुने रबर

आमच्या प्रकरणात वाफ निर्दोष ठरली, तरी तिच्यावरील खटला कायमचा निकाली निघाला असे समजू नये. देशात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण अमलात आले. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळते, परंतु अल्प प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळले असता मिश्रणाची वाफ होण्याची प्रवृत्ती वाढवते. ते हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ज्या काळी त्याचा विचारही नव्हता त्या काळच्या रबरी नळ्या व पंपातील पडदा त्याच्या संगतीत फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. शिवाय त्याच्या रेणूत प्राणवायू असल्यामुळे जुन्या जेटने दिलेले मिश्रण पातळ पडते. तेव्हा जुन्या गाडीच्या मालकाने इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या आणि पडदा बसवून घ्यावा, गाडी महिनोन् महिने उभी ठेवावयाची असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवू नये, आणि जेटचे माप जाणत्याकडून तपासून घ्यावे. 'वाफेचे' वाटणारे काही बिघाड तडकलेल्या नळीतून शिरणाऱ्या हवेचे असतात, हेही ध्यानी ठेवावे.

शासनानेही अशा गाड्यांस स्वतंत्र दप्तर दिले आहे. २०२१ च्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली खासगी मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये व नूतनीकरणाची पाच हजार रुपये असून तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच तिला मुभा आहे. दुरुस्तीस नेण्याची मुभा कायद्यातच लिहून ठेवावी लागली, यावरूनच जुन्या यंत्राचे आयुष्य कशावर अवलंबून असते ते कळते.

हातांतली विद्या

मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हा दुरुस्तीचाही पहिला प्रवास होता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ यांनी आपल्या पतीने बनविलेली तीन चाकांची गाडी मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत शंभरेक किलोमीटर चालवीत नेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, विजेची तार उघडी पडली ती मोज्याच्या बंदाने झाकली, उतारावर ब्रेक झिजले ते चांभाराकडून चामडे लावून घेतले, आणि इंधन एका औषधाच्या दुकानातून विकत घेतले. यंत्र नवे होते, वाट अनोळखी होती; परंतु कोणता अवयव कशासाठी आहे हे त्यांस ठाऊक होते, म्हणून प्रत्येक थांब्यातून वाट निघाली.

कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघणे थांबून आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला आणि शीळ रस्त्यावरील कारखान्यातूनही मोटारी निघत नाहीत. तरीही आमची गाडी चालते, ती त्या मिस्त्रींसारख्या मनुष्यांमुळे, ज्यांच्या बोटांस धातूची उष्णता आणि कानांस झाकणाचा 'फुस्स' ओळखता येतो. आपण जुन्या गाड्या जपतो, त्यांना रंग देतो, जाळी चकाकवितो. परंतु त्यांची चौकशी करण्याची ही रीत पुढल्या पिढीस शिकविली नाही, तर उरलेल्या गाड्या केवळ पाहण्याच्या वस्तू होतील. त्या दिवशी माझ्यासोबत आलेल्या पुतणीने मिस्त्रींनंतर फिलर गेज हाती धरून पॉइंटचे अंतर स्वतः पुन्हा बसवून पाहिले, आणि पुढील रविवारी तेच काम तिने माझ्या मदतीशिवाय केले, ही त्या दुरुस्तीची मला झालेली सर्वांत मोठी प्राप्ती होय.

निघताना मिस्त्रींनी जुना कंडेन्सर कागदात गुंडाळून माझ्या हाती दिला. तो मी टाकून दिला नाही. डिक्कीतील हत्यारांच्या डब्यात, नवे पॉइंट, फॅन बेल्ट आणि एका स्वच्छ फडक्याच्या शेजारी तो ठेवला आहे. मध्यंतरी एका जाणकाराने तो यंत्रावर लावून पाहिला. गार असताना तो आजही निर्दोष ठरतो.